उंबरठ्याबाहेरची धास्ती

पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेला अख्खं घर निघतं आणि एखादी बाई दरवर्षी काहीतरी कारण काढून मागे राहते. एसटीत बसायचं, वाशिमच्या बाजारात जायचं म्हटलं की छाती धडधडते, घाम फुटतो, इथंच पडू असं वाटतं. ईसीजी नॉर्मल येतो. मग कुणी आळशी म्हणतं, कुणी बाहेरची बाधा. दोन्ही चूक, आणि दोन्ही क्रूर.

या आजाराला अ‍ॅगोराफोबिया हे नाव बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी 1871 मध्ये दिलं. भीती खरं तर गर्दीची नसते. तिथं काही झालं तर निसटता येणार नाही, मदत मिळणार नाही, याची असते. जाणं टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि तो दिलासाच आजार वाढवतो. आधी बस सुटते, मग बाजार, शेवटी अंगणही.

उपचारात समुपदेशक पायरीपायरीने बाहेर पडायला शिकवतात. आधी सोबतीनं गल्लीच्या टोकापर्यंत, मग थांब्यावर नुसतं उभं राहणं, मग एका थांब्याचा प्रवास. पळून न जाता थांबलं तर चढलेली भीती ओसरते, हे हळूहळू अंगवळणी पडतं. गरजेप्रमाणे औषधंही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. घरच्यांनी ओढून नेऊ नये, पण तिची सगळी कामंही परस्पर उरकू नयेत.

दवाखान्यापर्यंत जाणंच अवघड असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.