बिरसीची धावपट्टी आणि संगशाकची झुंज

नागझिऱ्याचे निबिड अरण्य ज्या गोंदिया जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात, गोंदिया शहरानजीक बिरसी येथे, ब्रिटिश सरकारने १९४० साली युद्धाच्या कामाकरिता विमानांची धावपट्टी बांधविली. दुसऱ्या महायुद्धाची छाया आपल्या मुलखापर्यंत येऊन पोहोचली होती.

१९४२ च्या जूनमध्ये मिडवेच्या संग्रामात जपानी आरमाराची चार विमानवाहू जहाजे बुडाली आणि १९४३ च्या फेब्रुवारीत स्टालिनग्राडला जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. परंतु हिंदुस्थानच्या सरहद्दीवर युद्धाचे पारडे फिरले ते १९४४ साली, मणिपूर आणि नागा डोंगरांत. इंफाळ-कोहिमावर चाल करून येणाऱ्या जपानी फौजेला संगशाक या खेड्यापाशी मार्चच्या २२ ते २६ तारखांपर्यंत ज्यांनी थोपवून धरले, त्यांत छत्रीधारी सैनिकांच्या जोडीला मराठा पलटणीची चौथी बटालियनही होती. खडकाळ जमिनीत खंदक खोल खणता येईनात, पाण्याचे दुर्भिक्ष पडले, आणि विमानांतून टाकलेली रसद बव्हंशी शत्रूच्याच हाती लागे.

संगशाक अखेर सोडावे लागले. तथापि तेवढ्या अवधीत पुढील बचावाची तजवीज झाली आणि २२ जून रोजी इंफाळ-कोहिमा रस्ता मोकळा होऊन जपानी चढाई निष्फळ ठरली. ज्या पराभवाने विजयाला वेळ मिळवून दिला, त्याला आपल्या शालेय इतिहासात मानाचे स्थान मिळालेच पाहिजे.