टी१ : पाच खेळाडू आणि मागे उभा असलेला कोच

९ नोव्हेंबर २०२५. चीनमधल्या चेंगडू शहरात ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या संगणक खेळाच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि दोन्ही संघ दक्षिण कोरियाचे होते, टी१ आणि केटी रोल्स्टर. एक एसके टेलिकॉमच्या घरातून आलेला, दुसरा केटीचा, म्हणजे मोबाइल कंपन्यांमधली जुनी चुरस इथेही होतीच. टी१ची नावं अशी : टॉपला डोरान, जंगलात ओनर, मिडला फेकर, बॉटला गुमायुसी, सपोर्टला केरिया आणि मुख्य कोच कोमा. नवख्या प्रेक्षकाला या यादीतून फारसा बोध होत नाही. पण प्रत्येक नावाआधीचा तो एकेक शब्द उमगला, की सामना बऱ्यापैकी कळू लागतो.

आधी मैदान पाहू. नकाशा चौकोनी असतो आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन संघांचे तळ असतात. तळांना जोडणाऱ्या वाटा तीन : एक वरच्या कडेनं, एक थेट मधून, एक खालच्या कडेनं. वाटांमधल्या जागेत जंगल. प्रतिस्पर्ध्याच्या तळातला ‘नेक्सस’ फोडला की डाव संपला. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. दोन्ही तळांतून ठरावीक वेळानं संगणकानेच चालवलेल्या छोट्या सैनिकांच्या तुकड्या निघतात आणि त्यांच्यावर शेवटचा घाव ज्याचा बसेल त्याला सोनं मिळतं. सोन्यातून हत्यारं घ्यायची, हत्यारांनी बळ वाढवायचं. हे सोनं मर्यादित असतं. ते पाच जणांत कसं वाटायचं, या एका प्रश्नातून पाच जागा तयार झाल्या आहेत.

टॉपचा खेळाडू वरच्या वाटेवर बराच वेळ एकटा असतो. समोरच्याशी त्याची सरळ झुंज, मदत उशिरा येणार हे गृहीत धरून. जंगलरला वाट नसते. तो जंगलातले प्राणी मारून पोट भरतो आणि संधी दिसेल त्या वाटेवर अचानक धडकतो. तो आत्ता कुठे असेल, हा धाक समोरच्या पाचही जणांच्या डोक्यावर सतत असतो, म्हणून चांगला जंगलर न दिसतासुद्धा खेळ वाकवतो. खालच्या वाटेवर मात्र दोघं असतात. त्यातला एक, म्हणजे बॉट, लांबून मारा करणारा. सुरुवातीला नाजूक, पण भरपूर सोनं खाऊन शेवटी संघातला सर्वांत घातक होणारा. दुसरा सपोर्ट. तो त्या वाटेवरचं जवळजवळ सगळं सोनं जोडीदाराला सोडतो.

सपोर्टकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण प्रेक्षकाची नजर त्याच्यावरून सहज निसटते. नकाशाचा बहुतेक भाग अंधारात असतो. जिथे आपलं कुणी नाही तिथलं आपल्याला दिसत नाही. ‘वॉर्ड’ नावाची छोटी वस्तू रोवली की तेवढी जागा काही वेळ उजळते, आणि ही रोवणी मुख्यतः सपोर्टची जबाबदारी. कुठल्या झुडपात वॉर्ड ठेवला, समोरच्याचा कुठला उपटला, यावर पुढची लढाई कुठे आणि कुणाच्या सोयीनं होणार हे ठरतं. केरिया म्हणजे र्यू मिन-सॉक. त्याचं वेगळेपण असं, की एरवी बॉटचे मानले जाणारे धनुर्धारी, बंदूकधारी चॅम्पियन (खेळाडू ज्या पात्राचं रूप घेऊन उतरतो ते) त्यानं सपोर्टच्या जागी आणले आणि जिंकून दाखवले. समोरच्या कोचला त्यामुळे आपली सगळी गणितं नव्यानं मांडावी लागतात. माझ्या मते या संघाची गुरुकिल्ली तोच आहे, फेकरचं नाव कितीही मोठं असलं तरी.

आणि फेकरचं नाव मोठं आहेच. ली सांग-ह्योक, जन्म १९९६. २०१३ मध्ये शाळा अर्धवट सोडून तो व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी जगज्जेता. पुढे २०१५, २०१६, २०२३, २०२४ आणि २०२५. सहाही विजेतेपदं एकाच संघाकडून. मिड ही मधली जागा. तिथून वर, खाली, जंगलात कुठेही लवकर पोचता येतं. म्हणून मिडचा खेळाडू पुष्कळदा संघाचा आवाज होतो : आता चढा, आता मागे या, ती लढाई सोडून द्या. २०२३च्या उन्हाळ्यात मनगटाच्या दुखण्यामुळे फेकर काही आठवडे बाहेर बसला. त्याच्या जागी प्रशिक्षणार्थी संघातला पोबी आला. त्या काळातल्या आठपैकी एकच सामना टी१ला जिंकता आला. बाकीचे चौघं तेच होते आणि त्यांची बोटंही तितकीच चपळ होती. फरक होता तो कुणी कधी काय बोलायचं याचा. फेकर परतला आणि नोव्हेंबरमध्ये सोलच्या गोचोक डोममध्ये जागतिक अंतिम सामन्यात टी१नं वेइबो गेमिंगला ३-० हरवलं.

आता मागे उभा असलेला माणूस. कोमा, म्हणजे किम जंग-ग्युन. तो पूर्वी स्वतः जंगलर होता. टी१चा लीग ऑफ लेजेंड्स संघ उभा राहिला तेव्हापासून २०१९च्या अखेरपर्यंत तो कोच होता. मग चीनमध्ये, मग कोरियातल्याच दुसऱ्या संघाकडे, आणि २०२४च्या हंगामासाठी परत टी१मध्ये. त्याच्या नावावर पाच जागतिक विजेतेपदं आहेत. २०२३चं तेवढं नाही, कारण तेव्हा तो संघात नव्हता. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तो कोरियाचा कोच होता. फेकर आजारी पडल्यावर संघातल्या दुसऱ्या मिडला, चोवीला, उतरवून त्यानं सुवर्णपदक आणलं. त्या पदकानं खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली, आणि ज्यांची ऐन उमेदीची वर्षं विशीच्या आसपासच असतात त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कोचचं रोजचं काम तीन गोष्टींभोवती फिरतं. खेळाची कंपनी रायट गेम्स साधारण दर दोन आठवड्यांनी ‘पॅच’ काढते : एखाद्या चॅम्पियनचं बळ वाढतं, दुसऱ्याचं घटतं. काल चाललेला डाव आज चालत नाही, तेव्हा आधी पॅच वाचायचा. मग ‘स्क्रिम’, म्हणजे इतर संघांशी बंद दाराआड सराव सामने. त्यांत जिंकणं दुय्यम, नवी जुळणी तपासून पाहणं महत्त्वाचं. नंतर चित्रफीत लावून चर्चा : या मिनिटाला तू इथे का होतास?

तिसरी गोष्ट ड्राफ्ट, आणि कोचचं कसब प्रेक्षकाला उघड दिसतं ते इथेच. क्रिकेटमध्ये अकरा जणांची निवड झाल्यावर बॅटिंग-बोलिंग सुरू होते. इथे खेळाडू ठरलेले असले तरी ते कोणतं रूप घेऊन उतरणार हे प्रत्येक डावाआधी, प्रतिस्पर्ध्यासमोर, आळीपाळीनं ठरतं. चॅम्पियन दीडशेहून जास्त. आधी प्रत्येक संघ तीन-तीन बाद करतो. मग एका संघाची पहिली निवड, दुसऱ्याच्या दोन, पहिल्याच्या दोन, दुसऱ्याची एक. पुन्हा दोन-दोन बाद. मग दुसऱ्याची एक, पहिल्याच्या दोन, आणि शेवटची दुसऱ्याची. शेवटची निवड सोन्याच्या मोलाची, कारण समोरचे पाचही पत्ते तोवर उघडे झालेले असतात. ती बहुधा टॉपला दिली जाते. जो एकटा लढणार, त्याला प्रतिस्पर्धी चुकीचा पडला तर वाचवणारं कुणी नसतं. २०२५पासून आणखी एक नियम लागू झाला : मालिकेत एकदा खेळलेला चॅम्पियन पुढच्या डावांत कुणालाच मिळत नाही. म्हणजे पाचवा डाव आला तर चाळीस चॅम्पियन आधीच संपलेले, वर त्या डावात बाद होणारे दहा. ज्याच्या हाताला मोजकेच चॅम्पियन बसलेत, तो इथे उघडा पडतो.

ड्राफ्टचं वजन किती, हे २०१६च्या उपांत्य सामन्यात दिसलं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टी१समोर रॉक्स टायगर्स होते. रॉक्सनं मिस फॉर्च्यून ही बंदूकधारी सपोर्ट म्हणून आणली. टी१च्या झायरा या चॅम्पियनचा सगळा भर तिनं पेरलेल्या झाडांवर, आणि मिस फॉर्च्यून ती झाडं सहज साफ करते. दोन डाव टी१च्या हातून गेले, मालिका १-२. कोमानं जंगलर बदलला. ब्लँकला बसवून बेंगीला पाठवलं आणि त्याच्या हाती निडाली दिली. बेंगी तेव्हा दोनदा जगज्जेता होता, पण व्यावसायिक सामन्यात निडाली त्यानं कधीच घेतली नव्हती. भाला फेकून प्यूमाच्या रूपात झेपावणारी, चूक माफ न करणारी चॅम्पियन. तो डाव टी१नं जिंकला, पाचवाही जिंकला आणि पुढे विजेतेपदही. अशी निवड मंचावर उभं राहून त्या क्षणी सुचत नाही. सरावात तो ती किती सफाईनं खेळतोय, हे कोचनं पाहिलेलं असावं लागतं.

ड्राफ्ट संपला की दोन्ही कोच मंचाच्या मधोमध येऊन हात मिळवतात आणि आत निघून जातात. जागतिक स्पर्धेत आजवर डाव चालू असताना कोचला खेळाडूंशी बोलता आलेलं नाही. दोन डावांच्या मध्ये काही मिनिटं मिळतात, त्यांत काय चुकलं आणि आता मैदानाची बाजू कोणती घ्यायची हे ठरवायचं. २०२४ला लंडनमध्ये आणि २०२५ला चेंगडूत, दोन्ही अंतिम सामन्यांत टी१ १-२ असं मागे होतं आणि दोन्ही ३-२ जिंकलं. लंडनला सर्वोत्तम ठरला फेकर, चेंगडूत गुमायुसी.

त्यानंतर गुमायुसी हानव्हा लाइफकडे गेला, जिथे टी१चा जुना टॉप झ्यूस एक वर्ष आधीच गेला होता. गुमायुसीच्या जागी पेझ आला. फेकरचा करार २०२९पर्यंत आहे, तेव्हा मधली वाट ठरलेली. खालच्या वाटेवर मात्र केरियाला पाच वर्षांच्या जोडीदाराऐवजी नव्या माणसाबरोबर सोन्याची वाटणी, वॉर्डच्या जागा आणि माघारीच्या वेळा नव्यानं बसवाव्या लागणार आहेत. २०२६च्या हंगामात टी१चा सामना पाहाल तेव्हा पहिली दहा मिनिटं नजर तिथे ठेवा.