लहान पिस्तुलाचा भरवसा
अर्धस्वयंचलित पिस्तुलातून गोळी सुटताच वरचे सरकते आवरण मागे जाऊन रिकामे टरफल फेकते व परतताना नवे काडतूस नळीत ढकलते. अंगावर बाळगण्यासाठी पिस्तूल आखूड केले, की आवरणाची धाव तोकडी होते आणि काडतूस अडकण्याचा संभव वाढतो. १९३१ च्या जर्मन ‘वाल्थर पीपीके’त नळी स्थिर असते, मागचा रेटा केवळ आवरणाचे वजन व स्प्रिंग पेलतात. म्हणून ते चपटे, परंतु सौम्य काडतुसांपुरतेच. १९८८ च्या ऑस्ट्रियन ‘ग्लॉक १९’ मध्ये नळी व आवरण क्षणभर एकमेकांत गुंतून मागे सरकतात. त्यामुळे जोरकस ९ मिलिमीटर काडतूस त्यास मानवते. जाडी मात्र वाढते. शिवाय पीपीकेला असलेली बाहेरची सुरक्षा-कळ ग्लॉकला नाही. खिशातील किल्ली चापात अडकली, तर यंत्राला ती बोटासारखीच! चाप झाकणारे ताठ म्यान त्यासाठीच वापरतात.