चावीवाल्याच्या पेटीत आता मोबाईल

कानस, शिकंजा, कोऱ्या चाव्यांचा जुडगा आणि एक लोखंडी पेटी, एवढ्या भांडवलावर चावीवाल्याचा धंदा आजवर चालत आला. आता त्या पेटीत मोबाईलची भर पडली आहे. फोन बहुतेक कारागीर बंधूंकडे आहे, परंतु त्यातून धंद्याचे काम करून घेणारे थोडेच. त्यासाठी नेमकी कोणती ॲप उपयोगी आहेत, ते आम्ही येथे सांगत आहोत.

मुदखेडचेच घ्या. नांदेडहून येणारी रेल्वे लाइन येथे फुटते, एक सिकंदराबादकडे जाते आणि दुसरी आदिलाबादकडे. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्रही येथेच. त्यामुळे परगावच्या माणसांची ये-जा असते. गावातला माणूस चावीवाल्याला नावाने ओळखतो. परगावचा माणूस मात्र किल्ली आत राहून दार लागले की फोनमध्येच शोधतो. म्हणून गुगल मॅप्सवर आपल्या दुकानाची नोंद करावी. ती मोफत आहे. ‘लॉकस्मिथ’ हा प्रकार निवडावा, चालू नंबर आणि दुकानाच्या वेळा द्याव्यात. पक्के दुकान नसेल तर पत्ता न दाखवता फक्त सेवेचा परिसर देता येतो. गुगल पडताळणी करते, त्यासाठी दुकानाचा किंवा हत्यारांचा व्हिडिओही मागते. तो द्यायला कंटाळू नये.

2018 साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे दुसरे ॲप. जुम्म्याच्या नमाजला गेलात आणि ग्राहकाचा संदेश आला, तर ‘तासाभरात येतो’ असे उत्तर ते आपोआप पाठवते. दरपत्रकही त्यात ठेवता येते. पण ग्राहक किल्लीचा फोटो पाठवतात, तेथे सावध राहावे. 2008 साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे 200 फुटांवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीचे खाचे मोजून दाखवले होते. म्हणजे किल्लीचा फोटो ही किल्लीच समजावी. ती अमानत आहे. काम झाले की फोटो पुसून टाकावा, आणि आपण बनवलेल्या चाव्यांचे फोटो स्टेटसवर मिरवू नयेत.

खरी जोखीम मात्र निराळीच आहे. मोटारसायकलची किल्ली हरवली म्हणून कोणी अनोळखी इसम येतो, घाई करतो, दोन पैसे जास्त देतो. गाडी चोरीची निघाली तर पोलीस प्रथम चावीवाल्याकडे येतात, आणि त्याची रोजी व अब्रू दोन्ही पणाला लागतात. सरकारच्या ‘एम-परिवहन’ ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की गाडीची जात, मॉडेल आणि नोंदणीची तारीख दिसते. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असले तरी ताडून पाहण्यापुरते पुरते. शिवाय ग्राहकाला त्याच्या स्वतःच्या फोनवर डिजिलॉकर उघडून आरसी दाखवायला सांगावे. तेथील आरसी कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. कागदाचा नुसता फोटो मान्य करू नये. नंतर वहीत तारीख, गाडीचा नंबर, नाव आणि ग्राहकाची सही घ्यावी. मालक रागावून गेला तर जाऊ द्यावा. खरा मालक सहसा रागावत नाही.

पैशाच्या व्यवहारासाठी भीम, फोनपे, गुगल पे यांपैकी कोणतेही एक पुरे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवावे. ग्राहकाने दाखवलेल्या पडद्यावर विसंबू नये, आपल्या खात्यात रक्कम आल्याची खात्री करावी. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

चारचाकीच्या रिमोट चावीसाठी ‘केडी’ आणि ‘एक्सहॉर्स’ या चिनी कंपन्यांची उपकरणे कारागिरांत चालतात. त्यांचे छोटे यंत्र फोनला जोडायचे, ॲपमध्ये मॉडेल निवडायचे, आणि कोऱ्या रिमोटमध्ये माहिती भरायची. नुसते ॲप घेऊन काहीच होत नाही. तसेच दार उघडणारा रिमोट वेगळा आणि इंजिन चालू होऊ देणारी चिप वेगळी. चिप गाडीला ओळखवून द्यावीच लागते. हे काम शिकल्याशिवाय महागडे यंत्र विकत घेण्याची घाई आम्हाला तरी पटत नाही.

शिकण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत कुलूप कारागीर आहेत. (मुदखेडच्या फुलवाल्यांनीही ऐकावे, हार गुंफणारेही त्यात आहेत.) प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये भत्ता, आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे व्हाउचर अशी तरतूद आहे. कर्जही मिळते, पहिला हप्ता एक लाखापर्यंत आणि व्याज 5 टक्के. परंतु ते घेण्याची सक्ती नाही. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी नोंदणी करतानाच कर्ज नको असे सांगावे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. जाताना आधार, बँक पासबुक आणि रेशनकार्ड न्यावे. आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे, तो फोन घरी विसरू नये.