पान्याने उघडणारी गाडी

रायगडच्या किनाऱ्यावर जुनी जीप सांभाळायची म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी कायमचं वैर घ्यायचं. पत्रा आतल्या बाजूने सडतो, बोल्ट जागच्या जागी धरतात, ब्रेकच्या नळ्या गंजतात. तरीही माणसं या गाडीपायी वर्षानुवर्षं गॅरेजात बसतात. ही गाडी मुळात दुरुस्त करता यावी म्हणूनच घडवली गेली. आजच्या यंत्रांत फारसा न सापडणारा हा गुण मला तिच्या रूपापेक्षा मोठा वाटतो.

1940 साली अमेरिकी लष्कराला चारही चाकांना जोर मिळणारी हलकी गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिला नमुना दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. रणांगणावर कारखाना नसतो. म्हणून एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवता यावा, अशी रचना केली. विलिसचे बहुतेक भाग फोर्डच्या गाडीलाही चालत.

युद्धानंतर ही गाडी मुंबईत आली. महिंद्रा अँड मोहम्मद ही 1945 सालची कंपनी. 1948 मध्ये तिचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. चाळिशीचं दशक सरता सरता माझगावात विलिसचे सुटे भाग जोडून जीपा उभ्या राहू लागल्या. त्याच माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो बोट गाड्या घेऊन मांडव्याला येते. आपल्याकडची जीप आज तिच्या जन्मगावाहून तासाभरात रायगडच्या किनाऱ्याला लागू शकते.

जीपवाल्यांच्या बोलण्यात ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ असे दोन प्रकार येतात. युद्धकाळातलं 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन बुटकं होतं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये असत. पुढे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. इंजिनाची उंची वाढली आणि 1953 च्या सीजे 3बी या जीपचं बॉनेट वर उचलावं लागलं. भारतात हे उंच तोंड अनेक वर्षं जीपची ओळख होऊन राहिलं. ऐंशीच्या दशकात एमएम 540 आली. तिचं इंजिन प्यूजो घराण्याचं, 2.1 लिटरचं डिझेल. डिझेलच्या कमी खर्चामुळे ती गावोगाव पोचली.

जुनी गाडी घरी आली की रंगाकडे पाहू नये. आधी खाली वाकून चेसिस ठोकून पाहावी. भरीव आवाज आला तर उमेद ठेवावी. पत्रा दबला तर खर्च मोठा आहे हे समजून चालावं. युद्धकाळातल्या जीपांच्या तळाखालच्या पट्ट्यांत लाकूड भरलेलं असे. ते ओल धरतं आणि भोवतीचं लोखंड खातं. म्हणून बॉडी चेसिसवरून पूर्ण उतरवावी, सडका पत्रा कापून नवा जोडावा, आतल्या पोकळ्यांत गंजरोधक मेण सोडावं आणि पाणी निघून जायला भोकं मोकळी ठेवावीत. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त नुकसान वाळू आणि मीठ साचलेल्या कोपऱ्यांत होतं.

त्यानंतर पाटे, शॅकलचे बुश, किंगपिनचे बेअरिंग, ऑइल सील. पुढच्या ॲक्सलमधली ढिलाई गेली नाही तर स्टिअरिंग हातात थरथरतं. ड्रम ब्रेक नीट जुळवले नाहीत तर गाडी एका बाजूला ओढते. ही कामं कुणाच्या नजरेत भरत नाहीत, पण घाट उतरताना जीव याच कामांवर असतो.

गाडीत बदल किती करावेत, यावर कायदाही बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी आणली. पण त्या गाड्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. ज्याला दूरवर फिरायचं आहे, त्याने नेहमीच्या नोंदणीचं वेळच्या वेळी नूतनीकरण करून ती सांभाळावी, हे उत्तम. बदल करायचेच तर जाड वायरिंग, योग्य फ्यूज, चांगले सीट बेल्ट आणि गंज न धरणारे बोल्ट यांपासून सुरुवात करावी. प्रचंड टायर आणि उचललेली बॉडी फोटोत शोभते, पण वळणावर गाडीचा तोल बिघडवते.

रस्त्यावर या जीपची खरी गंमत संथपणात आहे. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, कुंडलिकेचा पूल ओलांडून साळाव, मग काशीद आणि मुरूड. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवून दिघीला उतरवायची. पुढे दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता समुद्राला खेटून जातो. ताशी चाळीसच्या वेगात माडांच्या वाड्या, सुकत घातलेली मासळी आणि ओहोटीत उघडे पडलेले खडक सगळं नजरेत मावतं.

या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लागत नाही. तो लावूही नये. चारही चाकांचा जोर लावला की जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल थेट एकमेकांना बांधला जातो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टवर येतो. पावसाळ्यातला चिखल, सड्यावरची निसरडी चढण, ओढ्यातले गोटे ही चारही चाकांना जोर देणाऱ्या दांडीची जागा. तिथे ‘लो’ गिअर टाकला की सीजे 3बीचा जोर अडीच पटीच्या जवळ जातो आणि गाडी पावलापावलाने चढते.

पुळण मात्र तिची जागा नाही. ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आधी निघेलच असं नाही. शिवाय दिवेआगर-हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यापासून अंडी घालायला येतात. वाळूखालचं घरटं चाकाखाली गेलं तर वरून पत्ताही लागत नाही. गाडी माडाच्या सावलीत ठेवावी आणि पायी समुद्राकडे जावं. चारही चाकांना जोर असणारी गाडी बाळगणाऱ्या माणसाने तर हे आधी पाळायला हवं.

घरी परतल्यावर गोड्या पाण्याने गाडीचा तळ धुवावा, ग्रीसच्या निपलांत नवं ग्रीस भरावं. आणि हे काम आपल्या हाताने करावं. कार्बोरेटरचा आवाज ऐकून मिश्रण जुळवणारे, डबल क्लच शिकवणारे मिस्त्री आता म्हातारे होत आहेत. सुटे भाग शोधले तर मिळतील, पण त्यांचं ज्ञान कुठल्या बाजारात मिळणार नाही. जीप वाचवायची असेल तर आजच्या पोरांनी त्या मिस्त्रींच्या शेजारी बसावं, हात काळे करावेत आणि ती विद्या अंगात मुरेपर्यंत उठू नये.