बाळाची कोरडी कातडी

जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत बहुतेक बाळांची कातडी मनगटे, घोटे आणि तळपायांवर सोलते. नऊ महिने पाण्यात राहिलेली त्वचा कोरड्या हवेला सरावते, त्याचा हा भाग असतो. दिवस उलटून जन्मलेल्या बाळात सोलणे जास्त दिसते. सुटलेली साल ओढू नये, ती आपोआप गळते. जन्मतः अंगावर असलेला पांढरा चिकट थर त्वचेचे रक्षण करतो, तोही खरवडू नये. पहिली अंघोळ 24 तासांनंतर घालावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पहिल्या एक-दोन आठवड्यांनंतरच्या कोरडेपणामागे हवा, पाणी आणि न्हाऊ घालण्याची रीत असते. बाळाच्या त्वचेचा वरचा थर पातळ असल्याने तिच्यातली ओल लवकर उडते. आपले काष्टी गाव पर्जन्यछायेतल्या श्रीगोंदा तालुक्यात आहे. पौष-माघात इथली हवा कोरडी आणि बोचरी असते. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, म्हणून तो जास्त चोळला जातो आणि त्याचा अंश अंगावर राहतो.

बाळंतिणीच्या घरची रीत ठरलेली असते: पाय पसरून त्यांवर बाळाला निजवायचे, तेल जिरवायचे, लव जावी म्हणून डाळीचे पीठ चोळायचे, कढत पाणी ओतायचे आणि शेवटी ओवा-शेपांची धुरी द्यायची. यातले हलक्या हाताने तेल लावणे चांगले. पिठाने कातडी खरवडते, कढत पाण्याने तिच्यातली स्निग्धता धुऊन जाते आणि धुराने बाळाच्या श्वासाला त्रास होतो.

तेल कोणते, यालाही महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात करडई आणि खोबरेल या दोन्ही तेलांतील मेदाम्ले नवजात बाळांच्या त्वचेतून रक्तात उतरल्याचे आढळले. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल मात्र टाळावे. या तेलांमुळे त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते.

अंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरकावी. पाणी कोपराला कोमट लागेल इतकेच असावे. सौम्य साबण फक्त मान, काखा, जांघा आणि शी-शूच्या जागी लावावा. अंग न घासता मऊ सुती कापडाने टिपावे आणि ते किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे मलम किंवा पेट्रोलियम जेली लावावी. कोरडेपणा जास्त असेल तर दिवसातून दोनदा लावावी. लोकरीच्या कपड्याखाली सुती झबले घालावे.

दोन-तीन महिन्यांनंतर गालांवर लाल, खाजरे, ओलसर चट्टे उठले तर तो इसब असू शकतो. घरात कोणाला दमा किंवा इसब असेल तर ही शक्यता वाढते. अशा चट्ट्यांवर औषधाच्या दुकानातून मागून आणलेले मिश्र मलम लावू नये. त्यात अनेकदा तीव्र स्टिरॉइड असते आणि त्याने बाळाची कातडी आणखी पातळ होते.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येते. त्या वेळी बाळाला उघडे करून दाखवावे. पू भरलेल्या पुटकुळ्या, मोठे गळू, ताप किंवा दूध ओढण्यात मंदपणा दिसला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.