पेट्रोलात बुडालेली मोटर

किल्ली फिरवली की स्टार्टर मारायच्या आधीच टाकीतून दोनेक सेकंद ‘झुंऽऽ’ असा आवाज येतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे उत्सर्जन मानक लागू झालं, मोटरसायकलींचे कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा आली आणि कारमधला हा आवाज दुचाकीच्या टाकीतही शिरला. त्याआधी बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरायचं.

हा आवाज टाकीतल्या इंधन-पंपाचा. असा बाद झालेला एक पंप ओळखीच्या मेकॅनिकने नीट कोरडा करून मला कापून दाखवला. मुठीत मावेल एवढं नळकांडं. वर कार्बनचे ब्रश, मधे चुंबकांच्या कड्यात आर्मेचर, तळाला चपटी चकती. पेट्रोलला मोटरपासून दूर ठेवणारी भिंत मी शोधत राहिलो. ती नव्हतीच! तळातून आलेलं पेट्रोल थेट मोटरच्या पोटातून, चुंबक आणि आर्मेचरमधल्या फटीतून, ब्रशांना भिजवत वरून बाहेर पडतं.

“दादा, ब्रशवर ठिणगी उडते ना?”

“उडते की. पण आत हवा कुठंय?”

एवढंच त्याचं उत्तर, आणि ते अगदी नेमकं होतं. पेट घेते ती पेट्रोलची वाफ, तीही हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के मिसळलेली असेल तरच. भरलेल्या पंपात हवाच नाही, म्हणून ठिणगी जन्मते तिथेच विझते. शिवाय तेच पेट्रोल मोटर थंड ठेवतं, बेअरिंगना वंगण पुरवतं. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवू नका म्हणतात, ते यासाठीच.

मला सर्वांत जास्त मोह पडला तो तळाच्या त्या चकतीचा. काठावर दोन्ही बाजूंना बारीक पाती, कंगव्याच्या दातांसारखी. चकतीभोवतीच्या खाचेत पेट्रोल नुसतं पुढे सरकत नाही. पाती त्याला बाहेर भिरकावतात, ते खाचेत वळसा घेऊन पुन्हा पात्यांत येतं, पुन्हा भिरकावलं जातं. दर वळशाला दाब थोडा चढतो. एका फेरीअखेर तो सुमारे 3 बार होतो. म्हणजे हे नळकांडं पेट्रोलचा 40 मीटर उंच स्तंभ पेलू शकेल, तेरा मजल्यांएवढा!

पंप टाकीतच का, तेही इथे कळतं. इंजिनाजवळ बसून पेट्रोल ओढायचं तर नळीतला दाब उतरतो आणि उन्हाळ्यात त्याची वाफ होऊन प्रवाह तुटतो. टाकीतून ढकललं की दाबाखाली ते द्रवच राहतं. बाहेर पडण्याच्या तोंडाशी एक इवलासा व्हॉल्व्ह असतो. तो पेट्रोलला परत येऊ देत नाही, म्हणून गाडी बंद झाल्यावरही नळीत दाब टिकतो.

पण तो हळूहळू झिरपून जातो. सकाळचं ते ‘झुंऽऽ’ म्हणजे रात्रीत उतरलेला दाब पुन्हा भरणं. तेवढ्यात इंजिन फिरलं नाही, तर कंट्रोल युनिट पंप आपणहून बंद करतं.